जवळचं खळं

धक्क्याच्या सातव्या पायरीवर बाबा घसरले ते शेवाळावरून.
कालवाची धार तळव्यात अर्धं बोट आत गेली.
हळद झाली, चुना झाला,
पूर्णगडच्या डॉक्टरांच्या पिवळ्या गोळ्या झाल्या, मग निळ्या.
आता रत्नागिरीच्या सिव्हिलचा कागद माझ्या हातात:
औषधांची नावं, एकाखाली एक,
आणि प्रत्येकापुढे आर.
आर. आर. आर.
अगदी तळाला एक एस,
ज्याची एक बाटली बोटीच्या इंजिनाच्या हप्त्याएवढी.

मी इथून चार किलोमीटरवर
शेवाळ वाढवते.
पगार घेऊन.

बरण्यांना रात्रभर उजेड, पोटात हवेची नळी,
पेज रटरटावी तसे बुडबुडे.
फरीदा मॅडमनी चिंबोरीच्या रक्तातलं एक वाक्य उचलून
या शेवाळाला शिकवायला घेतलंय.
चिंबोरी जन्मभर चिखलात असते,
नांगी तुटली तरी कुजत नाही.
का, हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही;
आम्ही तिला सुंभाने बांधून डझनावर विकत होतो.

एकोणीस वेळा शेवाळ ते वाक्य विसरलं.
हिरवंगार वाढलं, आणि मुकं.
विसाव्या खेपेला काहीतरी पुटपुटलं.

मंगळवारी पहाटे काचेच्या ताटलीत
जंतूंची साय धरली होती, कडेपर्यंत, एकसारखी.
फक्त मी थेंब ठेवलेला तिथे
तिला धरता आलं नव्हतं.
थेंबाभोवती एक गोल. स्वच्छ.
पट्टी लावली: दोन मिलिमीटर.
पुन्हा लावली.
वहीत तीन लिहावंसं वाटलं.
दोन लिहिलं.

वॉर्डात बाबांना फोनवर फोटो दाखवला.
त्यांनी फोन हातभर लांब धरला.
"चंद्राला खळं पडलंय की गो."
"चंद्र नाही बाबा, शेवाळ आहे."
"कुठलं?"
"पायरीवरच्याचं चुलत भावंड."
हसले नाहीत. पायाकडे बघत राहिले,
बँडेजमधून पिवळं उतरत होतं.
मग त्या गोलाची कड बोटाने चाचपली,
चाळीस वर्षं आभाळ बघून
जाळी टाकायची की नाही ते ठरवणारं बोट.
स्क्रीन मोठी झाली, लहान झाली.

दूरचं खळं, जवळ पाऊस;
हे मला लहानपणी त्यांनीच शिकवलं,
होडीत उताणं झोपवून.
उरलेलं अर्धं मी आज विचारलं नाही.
त्यांनी फोन परत दिला.
"जवळचं आहे गो," म्हणाले.
"लांब हाय पाऊस."

नर्स आली. एसची बाटली टांगली,
चौदातली पहिली.
नळीत थेंब धरला, लोंबला, पडला.
मी सव्वासातची बस गाठली.
बरण्यांचं पाणी बदलायचं होतं.