अजून ते

ब्रँचला विड्या देऊन येताना
सायकलवाला भेटला. मागं जाळीची पाटी,
पाटीत रंगवलेली पिल्लं, गुलाबी, पोपटी, जांभळी.
मल्लूनं पदर सोडलाच नाही.
वीस रुपयांना एक हिरवं पिल्लू
पानांच्या रिकाम्या टोपलीत बसून
घरी आलं.

रंग आठ दिवसांत उतरला.
आतून निघालं मळकं, बदामी काहीतरी
आणि त्याच्यामागोमाग प्रश्न.

इरेशभाऊजी म्हणाले, पाय धरून उलटं टांगा,
मान वर काढली तर नर, सोडली तर मादी.
टांगलं.
त्यानं मान वर काढली,
मग सोडली,
मग भाऊजींच्या मनगटावर शिटलं.

होटगी रोडच्या पोल्ट्रीतला पोरगा
पंख पसरून उन्हात धरून बघत राहिला.
पिसं एका मापाची का लांब-आखूड,
पण ते पहिल्याच दिवशी बघायचं असतंय, म्हणाला,
आता टाइम गेला वहिनी.
आणि चहा पिऊन गेला.

सत्तव्वानं केसाला अंगठी बांधली.
गोल फिरली तर बाई, सरळ झुलली तर बाप्या.
मल्लूच्या वेळीही तिनंच धरली होती, माझ्यावर.
गोल फिरलेली.

विचारलं, सत्तव्वा, तुमच्या तेलुगूत
कोंबडीला काय म्हणता, लांबून दाखवताना?
"अदी."
आणि कोंबड्याला?
"त्येबी अदीच की."
आणि सुनेला?
पानावर पत्रा ठेवून कात्री चालवत होती, ती थांबली.
माझ्याकडं बघितलं. हसली.
"अदी."

आमच्यात जागा तीन.
ते पिल्लू, ते पाखरू, ते लेकरू,
मधल्या खोलीत तिघं एका वाकळंत.
मग एक दिवस उठवून विचारतात,
चल, सांग, कुठल्या दारानं बाहेर जाणार?

तोवर ते नुसतं ते होतं.
कण्या खायचं, मल्लूच्या चपलेत झोपायचं,
तंबाखूच्या सुपात पाय घालून शिंकायचं.

दुसऱ्या महिन्यात मला कळलं.
तुरा गुलाबी नव्हता राहिला, लाल झाला होता,
ओल्या कुंकवासारखा.
मानेवरची पिसं टोकाला निमुळती,
पाठ संपते तिथंही तशीच, चकाकणारी.
अक्कलकोटला आईच्या परड्यात
अशी किती बघितली मी.
बोलले नाही.
कारण घरात ठरलं होतं,
ती असली तर अंडी,
तो असला तर आकाड.

आणि मग ते आरवायला लागलं.
पहाटे, टोपलीच्या काठावर,
मान ताणून, डोळे मिटून,
आवाज असेल गंजक्या बिजागरीचा,
खरं सांगायचं तर मीही नीट ऐकला नाही.
भिंतीपलीकडं चोवीस माग,
टॉवेल, टॉवेल, टॉवेल, रात्रंदिवस,
आमच्या गल्लीत देवाची घंटाही
बघूनच कळते.
एकोणीस दिवस मी एकटी बघत होते
ती उघडलेली चोच.

विसाव्या दिवशी लाइट गेली.

सगळे माग एकदम थांबले.
अशी शांतता की नवरा दचकून उठला,
काय झालं, म्हणाला, काय झालं?
आणि त्या मोकळ्या जागेत
ते आरवलं.
फाटकं, लांब, शेवटाला घसरलेलं.
इरेशभाऊजींच्या खिडकीची कडी निघाली.
सत्तव्वा खोकता खोकता थांबली.
मल्लू चादरीतून ओरडला,
आई! ते तो हाय!

सासूबाई उठून बसल्या.
केस बांधत बांधत,
शांतपणे, हिशेब करत,
माझ्याकडं वळून म्हणाल्या,
आकाड संपायला किती दिवस गं

तेवढ्यात लाइट आली.
पहिला माग, दुसरा, मग सगळे.
त्यांचे ओठ हलत होते.
मी कानाला हात लावून दाखवलं,
ऐकू येत नाही,
आणि पानं भिजवायला बसले.
टोपलीच्या काठावर
त्यानं पुन्हा मान ताणली.