बेगमीची वही

माळ्यावरून आधी खाली आली धूळ,
मग मेणबत्त्या. सहा डझन.
बावीस उन्हाळे छपराखाली काढून
सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या,
तिकडून कुणी हाक मारल्यासारख्या.

बाबा शिधावाटप कार्यालयात कारकून होते.
रिकामं गोदाम कसं वाजतं
ते त्यांनी ऐकलेलं. आम्ही नव्हतं.
आम्ही हसायचो.
घोडपदेवच्या एकशेऐंशी चौरस फुटांत
चार माणसं, एक शिवणयंत्र,
आणि कसल्या तरी टंचाईची कायमची वाट.
पलंगाखाली तांदूळ, बोरिक पावडर चोळलेला,
गव्हात कडुलिंबाचा पाला,
मोरीवरच्या फळीवर रॉकेलचा डबा
गॅस आला तरी,
पाइपातून गॅस आला तरी.
आई म्हणायची, एक दिवस आपणच पेटू.
ते म्हणायचे, वेळ काय सांगून येते?
आणि काड्यापेट्या मोजायला बसायचे.

मिठाचा दगड झालाय, बरणी फोडल्याशिवाय निघायचा नाही.
टॉर्चचे सेल हिरवे पाझरलेत.
गुळात मुंग्यांनी घर केलं,
आणि कधीतरी तेही सोडून गेल्या.
साबणाच्या वड्या तेवढ्या शाबूत,
वाळून हलक्या, वास मात्र तोच,
सकाळी पावणेनऊचा.

आणि ही वही.
लांबोडकी, शिवणीला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली.
डावीकडे जमा, उजवीकडे खर्च.
खर्चाच्या रकान्यात आमचं घर फार थोडं आहे.

साखर, एक वाटी, कांचन चुरी. येणे.
रॉकेल, दीड लिटर, ठक्कर, वीज नाही, मुलीची परीक्षा. येणे.
पोहे, दोन किलो, डिमेलोंकडे मयत. येणे नाही.
पानं उलटत जाते तसं
येणे कमी होत जातं,
येणे नाही वाढत जातं.
हिशेबाला इतका पक्का माणूस,
आणि बेरीज कुठेच नाही.

मग एका जानेवारीत, कर्फ्यूच्या आठवड्यात,
अक्षर बारीक होतं
आणि नावं थांबतात.

दूध पावडर, अर्धा डबा, मागचा जिना.
तांदूळ, पाच किलो, मागचा जिना.
दूध पावडर, उरलेला अर्धा, मागचा जिना. बाळ बरं आहे.

मी तेव्हा नऊ वर्षांची.
त्या आठवड्यात आम्ही कोरा चहा प्यायलो.
दार उघडं होतं, बाहेर चार माणसं उभी होती,
आणि मी मोठ्याने विचारलं,
आपला दुधाचा डबा कुठे गेला?
बाबांनी थोबाडीत मारली.
आयुष्यात एकदाच.
मग दारातल्या माणसांना म्हणाले,
पोर हावरट आहे.

हावरट.
तो शब्द मी सासरी घेऊन गेले,
तिथून परत आणला,
आणि त्यांना शेवटपर्यंत कंजूष म्हणत राहिले,
तोंडावर. ते ऐकून घ्यायचे.

कोण होतं मागच्या जिन्यावर?
आईला विचारावं, तर आई आता
मलाच विचारते मी कोण.
ते बाळ आज बत्तीस-तेहेतिसाचं असेल,
कुठल्यातरी दुकानात
दुधाच्या डब्यावरची तारीख बघत असेल.

खाली जिन्यात नोटीस लागलीय,
उद्या दहापासून चोवीस तास पाणी नाही.
ड्रमला नळी लावून मी भंगारवाल्याला फोन करणार
तोच दारात एक मुलगा,
दुसऱ्या मजल्यावरचा, नवा भाडेकरू,
रात्रपाळी करून उठलेला, हातात रिकामी बादली.
काकू, झोपलो होतो, आमचं पाणी जाऊन तास झाला.

बादली भरून दिली.
दोन पायऱ्या उतरून तो वळला,
संध्याकाळी काही भरायला मिळालं तर आणून देतो म्हणाला.
मी म्हटलं, राहू दे.

पेन्सिलीचं टोक मोडलेलं. विळीवर तासलं.
पाणी, एक बादली, दुसरा मजला. येणे नाही.
नाव विचारायचं राहिलं.

ड्रम अर्ध्यावर आलाय.
नळ फुसफुसायला लागलाय.