दोन स्टेपन्या

वेतुना, आधी गाडीभोवती एक चक्कर मार.
चावी नंतर.
मी रोज मारतो तशी, अनवाणी.
तेल गळत असेल तर डोळ्यांआधी
तळपायाला कळतं.

टायरच्या खाचेत नख खुपस.
नखाची पांढरी कड बुडली तर हे वर्ष निघेल.
नाही बुडली तर पैशांचं गणित मला सांगू नकोस.
फ्रीज जुना चालतो, टायर नाही.

स्टेपन्या दोन ठेव.
एक सगळेच ठेवतात. दुसरीला लोक हसतात.
कामान्याबच्या पुढे
हसायलासुद्धा कोणी भेटत नाही.

डांबर संपलं की थांब, उतर, थोडी हवा सोड.
टणक टायर खडीवर नाचतो,
मऊ टायर खडीचं ऐकून घेतो.
काटा ऐंशीच्या खालीच ठेव,
मागचा कितीही हॉर्न वाजवो. त्याला जाऊ दे पुढे,
त्याचीच धूळ सांगेल तो कुठे पोचला.
डांबर लागलं की हवा परत भरायची.
पंप सीटखाली आहे, वायर कुत्र्याने चावलीय,
टेप लावलाय, चालतो.

जॅकखाली घालायला ही फळी.
तुझ्या आईच्या शिलाई मशीनच्या टेबलाची.
फळी नसेल तर वाळूत जॅक एकटाच खाली जातो
आणि गाडी आपली जागेवर.

वीस लिटर पाणी पिण्याचं.
रेडिएटरचं वेगळं, लाल झाकणाच्या कॅनमध्ये.
पंप दिसला की टाकी भर, अर्धी असली तरी भर,
पुढच्या पंपाच्या पाटीवर विसंबू नकोस.
पाटी पेट्रोल देत नाही.

समोर ट्रक आला की काचा वर, पंखा पूर्ण सोड.
आत हवा दाटून असली
की धूळ दारातूनच माघारी फिरते,
घर भरलेलं बघून आगंतुक पाहुणा फिरतो तशी.

कुडू आडवा आला तर ब्रेक.
फक्त ब्रेक. स्टिअरिंग वळवायचं नाही.
बावीस वर्षं मी टोइंगचा ट्रक चालवला,
जनावर वाचवायला वळलेल्या गाड्या
चरातून ओढून काढल्या.
जनावर बहुतेक वेळा
कडेला उभं राहून बघत असायचं.

कावेतोची खुर्ची मागे. मांडीवर नाही.
रडला तरी नाही, माझ्या बहिणीने सांगितलं तरी नाही.
हो, तुम्हा चौघांना आम्ही उघड्या हौद्यात टाकून
लग्नाला न्यायचो, वरून एक चादर,
चादरीखाली तुमची भांडणं.
काही झालं नाही, असं सगळे म्हणतात.
मीही म्हणायचो.
झालं नाही ते नशीब होतं, वेतुना,
त्याला आम्ही अक्कल समजत होतो.

आणि सूर्य बुडायच्या आत मुक्काम गाठ.
संध्याकाळी रस्ता आणि जनावर
एकाच रंगाचे होतात.
मला तर आता दुपारीही होतात.

गेल्या महिन्यात, ऊत्जोहून येताना,
मला वाटलं मैलाचा दगड आहे.
दगडाने मान वळवली.
शेळी होती. वाचली.
तिच्यामागे एक पोरगा होता काठी घेऊन,
तो मला दिसलाच नव्हता.

हे घरात कोणाला माहीत नाही.
घे, चावी.

तिसरा गियर कुरकुरतो, क्लच पूर्ण दाब.
मी डावीकडे बसतो.
या बाजूला कधी बसलोच नाही,
इकडे हातांचं काय करायचं असतं?
पट्टा कुठे अडकवायचा ते दाखव. नाही, राहू दे,
सापडला.

चल.
मी बोललो नाही तर समज, बरोबर चालवतेयस.
बोललो तर तेवढंच समज, की मला सवय आहे.
पुढे झाडांपाशी चुलत्याच्या कुरणाचं फाटक आहे,
तिथे गाडी थांबव.
उतरून फाटक उघडायचं,
गाडी आत गेली की मागे नीट लावायचं,
साखळी ओढून बघायची,
ते काम डावीकडे बसलेल्याचं.