लूजला दोन ओ

सीपीआरच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहिलं : बूट.
खाली दोन रेघा.
साखरेनं आबांच्या तळव्यातलं कळणं नेलंय,
खिळा घुसला तरी पत्ता लागत नाही.

पन्नास वर्षं सुभाषनगरात बसून
ह्या माणसानं कापशी शिवली.
पट्टा, वेणी, कान, अंगठा.
पाय सरकवला की झालं.
आता खाटेच्या कडेला बसून
पांढऱ्या नाडीची दोन टोकं धरलीत,
दोन गावचे पाव्हणे धरावेत तशी.

बांधतात ती वादीला मारायची निरगाठ.
रात्री सुटत नाही.
मी त्यांचीच आरी घेतो, मूठ झिजलेली,
टोक घालून उकलत बसतो.
"शिवलेलं उसवू नगंस रं," म्हणतात,
डोळे मिटलेले.

प्रांजल पाचवीत आहे,
गल्लीतल्या सगळ्या पोरींसारखी
मी येतो, मी जातो म्हणते.
"आबा, मी शिकवतो. आधी लूज करा."
"हरवू म्हंतीस?"
"ते लूज वेगळं. त्याला एकच ओ."
वहीत दोन्ही लिहून दाखवले.
आबांनी चष्मा वर करून बघितलं,
"एक भोक कमी पडलं
की वस्तूच जाती व्हय."

"आणि अन लावलं की उलटं.
टाय म्हणजे बांध, अनटाय म्हणजे सोड."
"मग अनलूज म्हंजे आवळ."
पोरगी थांबली.
डिक्शनरी झाली, माझा मोबाइल झाला.
अनलूज म्हणजेसुद्धा सैल कर.
अनलूजन, तेच.
आबा त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले.
"साहेबाला गाठ सुटली नसंल गं.
आठवंल ते सगळं बोलून बघितलं त्यानं."

आपल्याकडं एकच शब्द, सोड.
नळाला पाणी सोडतात,
रिक्षावाला पोरीला शाळेत सोडतो,
आबांनी तंबाखू सोडली.
मागच्या दिवाळीपासून हातोडीही.
ती सोडली का सुटली,
मी विचारलं नाही.

"दोन कान करायचे," प्रांजल सांगत होती,
"आणि एकातनं एक काढायचा."
"कान मला शिकवतीस व्हय?"
तरी केले. एक मोठा, एक मेलेला.
चालून बघितलं दारापर्यंत, परत.
"वाजत न्हाईत," म्हणाले.
"माणूस आला, हे कळायचं कसं?"

गल्लीच्या तोंडाशी नाडी सुटलेली
त्यांच्या पायाला कळली नाही,
प्रांजलला दिसली.
ती खाली बसली, पाय धरला,
आणि आबांनी तो झटक्यानं मागं घेतला.

ह्या हातांनी मापं घेतली
गावच्या पायांची, कागदावर पेन्सिल फिरवून,
मान खाली घालून.
समोर कुणी बसलेलं
त्यांनी वरून कधी बघितलेलं नाही.

"हलू नका की," ती म्हणाली.
हळूहळू पाय पुढं आला.