सतरा आकडे

ओन्चन ओढ्याच्या काठावर, गुरुवारी संध्याकाळी,
कंपनीनं तंबू ठोकला. कच्च्या लिंबाच्या रंगाचा.
फलकावर लिहिलंय: तुमच्यातला धावपटू जागा करा.
जसा काही तो दुपारी जेवून पडलाय
आणि कुणी चहा घेऊन गेलं की उठणार आहे.

पोरं जमतात. चाळीस तरी असतील.
एकसारखे सदरे, मनगटावर घड्याळं,
घड्याळांत काळजाचे ठोके.
कुणी बँकेतलं, कुणी दातांच्या दवाखान्यातलं,
एक मुलगी नुकतीच कुणाला तरी विसरायला लागलेली.
धावायच्या आधी फोटो. धावून झाल्यावर फोटो.
मधलं धावणं मात्र खरं, एवढं कबूल करायला हवं:
दम कुणाच्या बापाला विकत मिळत नाही.

पुलाखालच्या बाकावर पिलनाम बसलेली.
पिलनाम म्हणजे पुढचा मुलगाच हवा.
आपल्याकडे नकोशी ठेवतात, त्यातलंच नाव.
पुढचा मुलगाच झाला.
त्याच्या शाळेच्या फीसाठी ती पंधराव्या वर्षी
सासांगच्या कारखान्यात उभी राहिली, ती एकवीस वर्षं.
तळाला गोंद लाव, वरचं कातडं बसव, अंगठ्यानं दाब,
सतरा आकडे मोज, सोड.
पुढचा.
हे बूट जातात त्या देशात माणसं
मागे कुत्रं नसतानाही पळतात,
असं मुकादम सांगायचा आणि अख्खी रांग हसायची.
सुटताना दारावर पिशव्या तपासायचे.
तिच्या पिशवीत रिकामा डबा,
डोक्यात चढलेला गोंदाचा वास. तो कुणी तपासला नाही.
मग एका वर्षी कारखाना
आणखी स्वस्त हातांच्या शोधात गेला.
तो मात्र धावत गेला.

तंबूतला पोरगा, हानग्योल, अदबीनं वाकतो:
आजी, घालून बघा ना. अर्धा तास फुकट.
ती बूट घेते, उलटा करते, नाकाशी नेते.
नखानं कड चाचपत चवड्याच्या वाकाशी थांबते.
"इथं घाई केलीय. दोनशे किलोमीटरवर तोंड उघडेल."
हानग्योल हसतो. खोटं बोलत नाही:
"तोवर नवा आलेला असतो, आजी."

ती जोड परत ठेवते.
दोन्ही नाकं एका रेषेत. सवयच ती.

दोन महिने जातात.
तंबू कधीच उठला, तो लिंबाचा रंगही आता जुना म्हणतात.
फलकावर आता समुद्र आहे, आणि पाठमोरी एक बाई,
जिला घरी कुणी वाट बघणारं नसावं.
गुरुवारी पोरं येतात. सगळ्यांत मागे हानग्योल.
नोकरी गेली, सदरा तेवढा राहिलाय.
उजव्या बुटाचं तोंड वासलेलं,
पावलागणिक स्वतःच टाळी वाजवत येतं.
नवा घ्यायचा तर या जोडाचेच दोन हप्ते बाकी.

तो बाकाशी थांबतो. काही बोलत नाही.
तीही नाही. पिशवीतून गोंदाची नळी काढते.
म्हणजे इतके दिवस ती घेऊनच बसत होती.

एका पायावर तो, बगळ्यासारखा,
तोल जाऊ नये म्हणून हात तिच्या खांद्यावर.
ती गोंद पसरते, फुंकर घालते, वाट बघते,
मग अंगठा टेकवते. सपाट, रेषा झिजलेला,
सरकारी कचेरीतलं यंत्र ज्याला ओळखतच नाही, तो अंगठा.

त्याचं मनगट थरथरतं.
घड्याळ विचारतंय: धावणं संपलं का?
हो. नाही. दोन बटणं.
त्याचा दुसरा हात तिकडे जायला लागतो.

"हलू नकोस," ती म्हणते. "नऊ."

डोक्यावरून मेट्रो जाते, पूल थोडा हलतो.

"दहा."