मापाची वही

उदगीरला चौबाऱ्याजवळ माझं दुकान.
मशीन एक, कात्र्या दोन,
आणि वही, बत्तीस वर्षांच्या मापांची.

गुंडेराव बिरादार, सोसायटीचे सचिव.
पोळ्याला कंबर अडतीस.
दिवाळीला छत्तीस. मी मनलं, 'फिरायला लागलात वाटतं?'
ते हसले. मीबी हसलो, टीप मारली.
संक्रांतीला तीच पँट घेऊन परत,
'आजून आत घे रे, बसंना गेली.'
टेप चौतीसला आला, आणि तिथंही सैल.

दुपार होती. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.
मी विचारलं, टेलरनं विचारू नये ते.
मशीनच्या चाकाकडं बघत बोलले:
सकाळी एकदा जाणारा माणूस मी,
आता चार चारदा जातो,
आणि उठलं तरी वाटतं, राहिलंच काहीतरी.
'रगत?'
'पडतं कधीमधी. मूळव्याध हाय, जुनी.
दवा चालू हाय गावठी.'
माझ्या दोन पायऱ्या चढून त्यांना धाप लागलेली.
नखं मी कापडावर मारतो त्या खडूसारखी.

मूळव्याध.
खाजाभाईबी हेच मनायचा. माझा थोरला.
दोन वर्षं तिखट सोडलं, ताक पिला,
लाजंनं कुणाला दाखवलं नाही.
त्याच्या पँटी मीच आत घेत गेलो.
किती वेळा, ते वहीत नाही.
घरच्या माणसाचं माप कोण लिहून ठेवतं?

'साहेब, ही पँट मी घेत नाही.
आधी लातूरला जा. दुर्बिणीनं बघतात.'
'कुठून घालतात, ठाऊक हाय का तुला?'
'ठाऊक हाय.
भावाला घातली, तवा उशीर झालता.'

चिडूनच उठले. पँट इथंच राहिली, खुंटीला.

पंधरा दिवसांनी त्यांचा पोरगा आला.
मनला, आत गाठ दिसली,
तुकडा तपासायला पाठवलाय.
'आणि बाबा मनले, पँटीला कात्री लावू नको.'

वहीत चौतीस लिहिलं. पुढची जागा कोरी ठेवली.
मग शटर अर्धं ओढून
माझ्याच कंबरेला टेप लावला.
बत्तीस. सालाचं बत्तीस, कधी हललं नाही.
खाजाभाई सख्खा होता पण.
एकाच आईचं दूध, एकाच ताटात जेवण.

पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलं:
बुधवारी दुकान बंद राहील.