भोक चुकलं तर

अक्कलकोट रोडच्या शेडमागं, तापल्या पत्र्याखाली
तीन सॉफ्टवेअर उतरवून ठेवलेली
आणि लॅपटॉप एकच, शरणबसवच्या दादाचा.
त्याचा पंखा असा घुमायचा
की शेजारी कुणी कांडी भरतंय वाटावं.

पहिलं देखणं. पण फुकट वर्षभरच,
मग आमचीच चित्रं आम्हाला उघडणार नाहीत.
दुसरं इंटरनेटवर; लाइट गेली की तेही गेलं.
तिसऱ्यात कुठलं बटण कशाचं, कुणालाच कळेना.

नागमणीचे वडील, राजेशम येमुल,
चादरीवरच्या मोरासाठी पुठ्ठ्यांना भोकं पाडतात.
डबा द्यायला आले ते मागं उभेच राहिले.
"भोक चुकलं तर?"
आम्ही गप्प.
"आम्ही कागदाची टिकली लावतो, परत पाडतो.
अख्खा मोर नाही फाडत."

मग रोबोच्या पंज्यातलं एक भोक
मुद्दाम चुकवलं, तीन मिलिमीटरचं चार.
पहिलं अडकलं.
दुसरं नुसतं गोल गोल फिरत राहिलं.
तिसऱ्यात मागं जाऊन आकडा बदलला
आणि पंजा, बऱ्याच वेळानं, कुरकुरत,
बोटांसकट सावरून बसला.

येमुलकाका तोवर पाळीवर गेलेले.
एंटरच्या बटणावर शेंगाचटणीचा ठिपका,
अजून आहे.